रोज सकाळी तारीख मागं जातेय, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. कंप्युटर बदलायचाच का?

सेलूची_ताई (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. आमच्या घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. दिरांनी परभणीहून घेतला होता, ते पुण्याला गेले आणि तो माझ्या गळ्यात पडला. आय-थ्री आहे, तिसऱ्या का चौथ्या पिढीचा. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी, विंडोज १०. त्यावर मी आमच्या बचत गटांचे हिशेब ठेवते, ठराव टाईप करते. मुलगा बारावीला आहे, त्याचे क्लासचे व्हिडिओ पण त्याच्यावरच.

आता काय होयलंय ते सांगते.

सकाळी चालू केला की तारीख २०१३ ची दाखवायलाय. त्या तारखेत गूगल उघडलं तर घड्याळ मागं आहे म्हणतंय, बँकेची साईट तर उघडतच नाही. हातानं तारीख दुरुस्त केली की दिवसभर बरा चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं. अनवाणी असले की जास्त. आणि कूलर लावलेला असला की चांगलाच झटका बसतो. सासूबाई म्हणतात पायात चप्पल घालून बसत जा.

चालू व्हायला फार वेळ घेतो. बटण दाबून मी कणीक मळायला जाते, परत येईस्तोवर नुसतं गोल फिरत असतं.

इथल्या दुकानात नेला होता. त्यांनी उघडून सुद्धा पाहिला नाही. मदरबोर्ड गेलाय म्हणाले, नवीन घ्या, पस्तीस हजारात बसवून देतो. पस्तीस हजार म्हणजे सोयाबीन घरात येईस्तोवर थांबावं लागेल. खरंच मदरबोर्ड गेलाय का? कुणी जाणकार सांगेल का?

बुलेट_राजा (बीड)

ताई फॉर्मॅट मारा. विंडोज ११ टाकून घ्या, पेन ड्राईव्ह असला की तासाभराचं काम. सगळं ओके होतंय.

टेस्टर (वसमत, जि. हिंगोली)

फॉर्मॅट आत्ता नको. फॉर्मॅटनं तारीख जागेवर येणार नाही आणि शॉक तर मुळीच थांबणार नाही. वर गटाचे हिशेब जातील ते वेगळंच.

मी दुरुस्तीचं दुकान बरीच वर्षं चालवलं, आता पोरगा बघतो. माझं काम करायचं एकच धोरण होतं : आधी भिंतीतलं बटण बघायचं, मग वायर, मग कॅबिनेट, आणि विंडोजला हात सगळ्यात शेवटी. आपल्याकडे येणाऱ्या बिघाडांतले निम्मे विजेचे असतात आणि गिऱ्हाईक ते व्हायरसच्या खाती टाकतं. म्हणून ताई, तुम्ही शॉकचं दुसऱ्या नंबरला लिहिलंय, मी ते पहिलं घेतो.

आधी एक विचारतो. कूलर आणि कंप्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत का? माझी खात्री आहे की आहेत. तसं असेल तर आत्ताच, हे वाचून झाल्याबरोबर, कूलर तिथून काढा. कारण सांगतो.

कंप्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, वीज आत शिरते तिथं छोटे कपॅसिटर असतात. त्यांचं काम आवाज म्हणजे विजेतली खरखर गाळून ती अर्थिंगच्या वायरीत सोडायची. घराला अर्थिंग नीट असलं तर ती जमिनीत जाते, तुम्हाला कळत पण नाही. अर्थिंग नसलं तर तिला जायला जागा नाही, मग ती पत्र्यावर येऊन बसते. मीटर लावला तर पत्र्यावर ११०-११५ व्होल्टच्या आसपास दिसतं, म्हणजे निम्मी लाईन. पण करंट अगदीच कमी, मिलिअँपिअरच्याही आत. म्हणून मुंग्या येतात, माणूस फेकला जात नाही. दोन पिनच्या चार्जरवर लॅपटॉप लावला की त्याचा पत्रा कधी कधी बोटाखाली खरखरीत लागतो, तोच हा प्रकार.

एवढंच असतं तर मी निवांत सांगितलं असतं. पण कूलर लावला की जास्त बसतो असं तुम्ही म्हणता, ते मला बरं वाटेना. एक्स्टेन्शन बोर्डात सगळ्या तिसऱ्या पिना आतून एकाच पट्टीला जोडलेल्या असतात. ती पट्टी पुढं जमिनीला गेलेली नसली तर कूलरच्या पंपातून किंवा मोटरीतून जी वीज त्याच्या पत्र्यावर उतरते ती त्याच पट्टीतून सरळ तुमच्या कॅबिनेटवर येते. मग ती मुंग्यांपुरती राहीलच याची हमी नाही. कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते. इथं कंप्युटर फक्त खबर द्यायलाय, चोर कूलर आहे. घरातल्या लेकरांना कूलर चालू असताना पाणी टाकू देऊ नका, प्लग काढूनच टाकायचं.

आता वायरमनला बोलवा आणि त्याला हे तीन आकडे मीटरनं मोजायला सांगा. फेज ते न्यूट्रल : २३० च्या आसपास. फेज ते अर्थ : तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ : दोन-चार व्होल्टच्या आत. दुसरा आकडा शंभर-दीडशे असा लटकता आला किंवा तिसरा मोठा आला तर अर्थिंग नाही असं समजा. जुन्या घरात बोर्डाला तीन भोकं असतात पण मागं वायरी दोनच असतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची : न्यूट्रलला आणि अर्थच्या पिनला तुकडा जोडून द्यायचा नाही. काही वायरमन हे करतात. शॉक लगेच थांबतो, गिऱ्हाईक खूश. पण ज्या दिवशी मागं कुठं न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातला प्रत्येक पत्रा, फ्रिज, कूलर, कॅबिनेट, सगळ्यावर पूर्ण २३० येईल. तसंच बोअरच्या पाइपाला वायर गुंडाळून देणारे पण असतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यात असं होऊ शकतं. आपली काळी माती एप्रिल-मे मध्ये भेगाळते, पाइपापासून सुटते. ओल गेली की मातीतून वीज जाईना होते. पावसाळ्यात शॉक बसत नाही आणि उन्हाळ्यात बसतो असं असेल तर खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतून बघा, त्यातच उत्तर मिळेल.

हे झालं विजेचं. आता तारीख.

मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा कमी. तो मेलाय. तुम्ही रात्री भिंतीतलं बटण बंद करता ना? बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ चालतं. बटण बंद झालं की सगळा भार त्या सेलवर. सेल मेला की घड्याळ थेट बोर्ड बनला त्या काळात. तुमचा बोर्ड २०१३ चा आहे, त्यानं स्वतःहूनच सांगितलं बघा.

बँकेच्या साईटचं कारण पण तेच. प्रत्येक साईटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचा कंप्युटर २०१३ मध्ये बसलाय, त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही, मग तो पुढं जाऊ देत नाही. बरोबरच करतो तो. ब्राउझर बदलून, अँटिव्हायरस टाकून काही होणार नाही. आणि 'तरीही पुढे जा' असं बटण आलं तर बँकेच्या साईटवर ते दाबू नका. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, पण घड्याळ वर्षांनी मागं असलं की आपणहून जुळवेलच असं नाही, म्हणून तुम्हाला हातानं करावं लागतंय.

सेल घड्याळवाल्याकडे किंवा मेडिकलवर पण मिळतो, पन्नासाच्या आत. बदलायचा कसा : प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद नको. मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण दोन-तीन वेळा दाबा, आतली उरलेली वीज निघून जाते. डाव्या बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून सरकवा. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची जीभ असते, ती नखानं किंवा लाकडी काडीनं बाहेर ढकलली की सेल उडून वर येतो. नव्या सेलची अधिकची खूण वर. मग चालू करा. एफ१ दाबा असं इंग्रजीत आलं तर घाबरू नका, दाबा, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा पडदा) जाऊन तारीख लावून सेव्ह करा. सेल काढला की बायोसची सेटिंग जाते म्हणून एरवी मी आधी मोबाईलवर फोटो काढायला सांगतो. तुमच्या बाबतीत सेल मेलेलाच आहे, म्हणजे सेटिंग रोज रात्री जातच होती. गमावण्यासारखं काही उरलं नाही.

पत्रा उघडलाच आहे तर आतली धूळ जुन्या दाढीच्या ब्रशनं काढा. पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या मशीनमध्ये वाळ्याच्या काड्या आणि ओली धूळ मिळून प्रोसेसरवर थर बसतो. वसमतला पारा ४२-४३ वर गेला की अशी मशीन दुपारी आपोआप बंद व्हायची आणि संध्याकाळी मुकाट चालू व्हायची. लोक म्हणायचे त्याला पण झोप लागते.

मदरबोर्ड गेला असता तर तो रोज सकाळी चालू झाला असता का? त्या दुकानदाराला एवढंच विचारायचं होतं.

हळू चालण्याचं नंतर बोलू. आधी हे दोन करा आणि काय झालं ते लिहा.

बुलेट_राजा (बीड)

काका एवढं वाचेस्तोवर माझं विंडोज टाकून झालं असतं. पण कूलरचं माहीत नव्हतं. आमच्या हॉलमध्ये पण एकाच बोर्डावर आहे सगळं. काढायलो.

औशाचा_पाव्हणा (औसा, जि. लातूर)

आमच्याकडं बी असंच होऊलालतं. मी तर स्टॅबिलायझर घेतलाव, तवापासून काही त्रास नाही. ताईंनी बी घ्यावा.

टेस्टर (वसमत)

पाव्हणे, स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त सांभाळतो. अर्थिंग नसलं तर तो काही करत नाही, उलट त्याचा पण एक पत्रा वाढतो. तुमच्या घरी त्रास थांबला तो त्याच वेळी वायरमननं नवा बोर्ड टाकला म्हणून थांबला असेल, बघा आठवून. आणि आजकालचे बरेच एसएमपीएस शंभर ते अडीचशे व्होल्टपर्यंत चालतात, त्यांना स्टॅबिलायझरची गरज नसते. मागं लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असलेले जुने असतील तर गोष्ट वेगळी. ते बटण मात्र लेकरांना खेळू देऊ नका, ११५ वर सरकवून चालू केला की धूर.

सेलूची_ताई (सेलू)

सर, खूप खूप आभार. सेल बदलला. मीच बदलला, मुलगा टॉर्च धरून उभा होता. चार दिवस झाले, तारीख बरोबर आहे, बँकेची साईट उघडली.

वायरमन आले होते. तुम्ही लिहिलेले आकडे मी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिले, ते जरा रागावलेच. पण मोजले. फेज ते अर्थ ९० आलं. बोर्ड उघडला तर तिसरी वायर होती, पण मागं कुठंच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळून भिंतीत सोडलेली. घर जुनं माळवदाचं आहे, पुढच्या दोन खोल्या नंतर स्लॅबच्या बांधल्या, तेव्हाच अर्धवट राहिलंय म्हणाले. मेन जवळ अर्थिंगचा खड्डाच नाही. आता नवीन करायचा ठरलंय. तोवर कूलर वेगळ्या खोलीत आणि कंप्युटरला चप्पल घालूनच बसते, सासूबाईंचं ऐकून.

आता तीन शंका.

लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही कंप्युटर बंद पडतो. पंखे, बल्ब चालू राहतात, हाच तेवढा पडतो. त्यात एकदा एक्सेलची फाईल अर्धी झाली.

चालू व्हायला वेळ लागण्याचं काय करू? टास्क मॅनेजर उघडून बघितलं, डिस्क समोर शंभर टक्के दिसायलंय, तिकडं सगळं लाल.

वायफायचा डबा पुढच्या खोलीत, कंप्युटर मधल्या खोलीत. मध्ये जुनी भिंत आहे, दोन फुटाची. दोन काड्याच येतात.

टेस्टर (वसमत)

वायरमनच्या हातात कागद दिलात हे फार आवडलं. रागावू द्या.

इन्व्हर्टर. त्याच्या मागं किंवा पुढं एक छोटं बटण असतं, त्यावर एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको किंवा इन्व्हर्टर असं लिहिलेलं असतं. तुमचं नॉर्मलवर असणार. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला सेकंदाचा लहानसा भाग लागतो. पंख्याला तो कळत नाही. कंप्युटरला कळतो, एसएमपीएस जुना होऊन त्याचे कपॅसिटर वाळले असतील तर जास्तच कळतो. यूपीएसवर टाकलं की ही अदलाबदल इतकी झटकन होते की मशीन तग धरतं.

मग कंपनीवाले ते आधीच यूपीएसवर का देत नाहीत? कारण त्यात एक खोट आहे. यूपीएसवर इन्व्हर्टर नखरेल होतो, साधारण १८० च्या खाली किंवा २६० च्या वर व्होल्टेज गेलं की लाइट असून सुद्धा बॅटरीवर जातो. नॉर्मलवर तो शंभर-सव्वाशेपर्यंत सोसतो. रब्बीत गावातल्या सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की सेलू भागात संध्याकाळी व्होल्टेज किती राहतं हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर दोन तास बॅटरीच खात बसेल आणि रात्री खरंच लाइट गेल्यावर हात वर करेल. तुमचं व्होल्टेज बरं राहत असेल तर बटण यूपीएसवर टाका आणि विषय संपला. नाहीतर बटण नॉर्मलवरच राहू द्या आणि एकट्या कंप्युटरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. फाईल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुष्कळ. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, तेव्हा आख्खा यूपीएस बदलायचा नाही, फक्त बॅटरी बदलायची. लेझर प्रिंटर घेतला तर तो यूपीएसला लावू नका, तो गरम होताना एकदम ओढतो आणि यूपीएस आडवा होतो.

आता हळू चालण्याचं. डिस्क शंभर टक्के याचा अर्थ प्रोसेसर रिकामा बसलाय आणि हार्ड डिस्क धापा टाकतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून डिस्कची तब्येत बघा. निळं असेल तर ठीक. पिवळं असेल तर आजच गटाच्या फायली पेन ड्राईव्हवर घ्या, उद्यावर ढकलू नका. लाल असेल तर हे पुढं वाचत बसू नका, आधी फायली घ्या.

उपाय एसएसडी, म्हणजे आत फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क. २५६ जीबीची साटा एसएसडी तुमच्या त्याच बोर्डाला बसते. या एका बदलानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही. रॅम ४ वरून ८ करणं त्याच्या नंतर. रॅम घेताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन स्लॉट किती मोकळे ते बघा, आणि दुकानात जुनी रॅम नमुन्याला न्या. तुमच्या काळातल्या बोर्डाला डीडीआर३ लागते, डीडीआर४ खाचेत बसतच नाही. पैसे एकदम जमत नसतील तर एसएसडी आधी, रॅम सोयाबीन आल्यावर.

दरम्यान टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन जे नको ते डिसेबल करा. त्यात दिरांनी टाकलेले गेम आणि दोन-दोन अँटिव्हायरस निघतील. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो.

बुलेटराव विंडोज ११ म्हणाले. ते तुमच्या मशीनवर रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आडमार्गानं बसवता येतं, पण पुढची अपडेट मिळतीलच असा भरवसा नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मात्र मायक्रोसॉफ्टनं घरच्या वापरासाठी सुरक्षेची जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं बटण येतं. त्यानंतर या मशीनवर बँकेचं काम करायचं नाही असं माझं मत. हिशेब, ठराव, व्हिडिओ यांना हरकत नाही, किंवा मुलाला लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकून द्या, जुन्या मशीनवर चांगलं चालतं. पण तुमच्या एक्सेलच्या सवयीला ते खटकेल, म्हणून घाई करा म्हणणार नाही.

वायफायचं सगळ्यात सोपं. माळवदाच्या दगड-मातीच्या भिंतीतून वायफाय जात नाही, जाऊ पण नये, तीच भिंत तुम्हाला दुपारी गार ठेवते. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून कशाला द्यायचं? कॅट-६ ची लॅन वायर आणा, दाराच्या चौकटीवरून नेऊन मागं खोचा. शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचं घर तेवढं नसेल. वायर नकोच असेल तर मोबाईलसारखं ५ गिगाहर्ट्झवर न लावता २.४ वर लावा, ते भिंतीतून जास्त जातं. आणि वायफायची यूएसबी दांडी कॅबिनेटच्या मागं पत्र्याआड लपलेली असेल तर यूएसबीच्या लांब वायरीनं ती टेबलावर आणा.

नांदेडची_टायपिस्ट (नांदेड)

ताई, एक मधे बोलते. ठराव तुम्ही कशात टाईप करता? कृतीदेव, श्रीलिपी असं काही असेल तर एसएसडीवर नवीन विंडोज टाकायच्या आधी सी ड्राईव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून ते फॉन्ट कॉपी करून ठेवा. नाहीतर जुने सगळे ठराव इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसतील. आमच्या टायपिंग सेंटरवर लोक अशा फायली घेऊन रडत येतात, फाईल शाबूत असते, फॉन्ट नसतो.

आणि इथून पुढं युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर वाचता येतं. सेटिंग, टाईम अँड लँग्वेज, तिथं मराठी वाढवा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की मराठी-इंग्रजी बदलतं. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठीचा ठरावीक सरकारी कीबोर्ड, येत नसेल तर मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, वेगळं काही टाकायला नको. मोबाईलवर टाकतो तसं इंग्रजी अक्षरात टाकायचं, तो मराठी करतो. पण मुलगा टायपिंगची सरकारी परीक्षा देणार असेल तर त्या परीक्षेत कुठला कीबोर्ड चालतो ते विचारून पहिल्यापासून तोच शिकवा, नंतर बोटं ऐकत नाहीत.

बुलेट_राजा (बीड)

मी फॉर्मॅट मारा म्हणालो होतो, फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. चुलत्याचे सातबाऱ्याचे अर्ज असेच गेलेत बहुतेक.

टेस्टर (वसमत)

टायपिस्ट ताईंनी बरोबर सांगितलं. त्यात एवढं जोडतो : फॉर्मॅट करणारा पोरगा 'डी ड्राईव्हला हात लावत नाही' म्हणतो आणि आपण निर्धास्त राहतो. पण आपल्या फायली डेस्कटॉपवर असतात आणि डेस्कटॉप हा सी ड्राईव्हमध्येच असतो. म्हणून एसएसडी लावताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, नवीन विंडोज एकट्या एसएसडीवर टाका, आणि सगळं चालू झाल्यावरच जुनी डिस्क परत जोडून त्यातून फायली आणा. असं केलं की काही पुसलं जायचा प्रश्नच येत नाही. बसवणाऱ्याला समोर बसून हे करायला लावा.

सेलूची_ताई (सेलू)

फॉन्टचं फोल्डर सापडलं, पेन ड्राईव्हवर घेतलं. ठराव कृतीदेवमध्येच होते. डिस्क पिवळी निघाली. गटाच्या फायली पेन ड्राईव्हवर घेतल्या आणि एक प्रत अध्यक्ष ताईंच्या मोबाईलवर टाकली. एसएसडी सांगितलीय, परभणीहून येणाऱ्या पाहुण्यांसोबत येईल. इन्व्हर्टरचं बटण खरंच नॉर्मलवर होतं, यूपीएसवर टाकलं, काल लाइट गेली तर कंप्युटर हलला नाही. संध्याकाळी व्होल्टेजवर लक्ष ठेवते.

सोमवारी वायरमन खड्डा घ्यायला येताहेत. कोळसा आणि मीठ आणून ठेवा म्हणाले. कोळसा कुठला, दगडी का? आणि खड्डा घराला लागून घेतला तर चालेल का, अंगणात जागा कमी आहे.

टेस्टर (वसमत)

दगडी नाही, लोणारी. लाकडाचा. मीठ जाडं, खड्याचं. पाइप आठ फुटांपेक्षा कमी नको, आणि खड्डा भिंतीपासून पाच फूट तरी दूर घ्या, माळवदाच्या पायाशी पाणी मुरवत बसू नका. वर झाकण आणि पाणी ओतायला नळी काढायला सांगा. काम झालं की तेच तीन आकडे पुन्हा मोजून घ्या, मग पैसे द्या.